कपाटातली कवळी

“झालीच आहे हो, डॉक्टरबाई. अजून जरासं राहिलंय.”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. हातांना प्लॅस्टरची भुकटी होती, ती डोळ्यांत गेली. सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि हा माणूस दिवसभर ओझी वाहून आल्यासारखा दमला होता. खरं तर त्याने अजून एकही काम हातात घेतलेलं नव्हतं.

मंडळी, हा थकवा तुमच्या ओळखीचा असेल. केलेल्या कामाचा थकवा जेवून झोपलं की उतरतो. न केलेल्या कामाचा उतरत नाही, तो सकाळी आपल्याआधी उठून बसतो. त्यातून ते काम आपल्याला नीट येत असेल, मनापासून करायचं असेल आणि म्हणूनच होत नसेल, तर मग विचारूच नका!

हा गृहस्थ कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात. त्या मापावरून प्लॅस्टरचा साचा होतो, साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा, डॉक्टरांनी ते तोंडात घालून बघितलं की मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक शिजवायचं आणि पक्की कवळी घासून-पुसून द्यायची. बावीस वर्षं तो हेच करत होता. त्याच्या हाताबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या तारखांबद्दल. गावातल्या डॉक्टरांनी त्याचं नाव ‘जरासं’ ठेवलं होतं. “काम अवघड आहे? मग जरासंकडे पाठव. घाई आहे? मग दुसरीकडे पाठव,” असं ते आपसांत बोलायचे, आणि अलीकडे सगळ्यांनाच घाई असायची.

त्याच्या टेबलाच्या डाव्या हाताला काचेचं कपाट होतं. त्यात सात कामं अर्धवट पडली होती. आठवं सगळ्यात वरच्या फळीवर, पांढऱ्या रुमालाखाली. ते त्याच्या आत्याचं.

ही आत्या म्हणजे त्याची आईच म्हणायची. तो पाच वर्षांचा असताना आई गेली, वडील कामाच्या मागे फिरतीवर, तेव्हा आत्याने त्याला आपल्या घरी आणला तो कायमचा. लग्नबिग्न तिने केलंच नाही. शाळेत भाषा शिकवायची. उच्चार असा स्पष्ट की मागच्या बाकावरच्या झोपाळू पोरालाही जोडाक्षर ऐकू जावं. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी ती अंधांच्या वसतिगृहात जाऊन कादंबऱ्या वाचून दाखवायची. नऊ वर्षांत तिने एक गुरुवार चुकवला नव्हता.

मग दात गेले. शेवटचे सहा दात वर्षभरापूर्वी एकदमच काढावे लागले. जखमा भरून आल्यावर, दोन महिन्यांनी, डॉक्टरबाईंनी माप घेतलं आणि म्हणाल्या, “हे काम तुझ्याच हातचं हवं रे बाबा.” ह्याची छाती फुगली. ज्या बाईने आपल्याला भरवलं तिचे दात आपण करायचे! असे करायचे की बघणाऱ्याने म्हणावं, हे हिचेच आहेत.

झालं, इथेच घोडं अडलं.

पहिल्यांदा दात बसवले ते फार पांढरे वाटले. काढले. दुसऱ्यांदा मधली रेघ केसभर उजवीकडे गेल्याचं त्याला दिसलं, दुसऱ्या कोणाला भिंगातूनही दिसली नसती. काढले. तिसऱ्यांदा मेणातले दात डॉक्टरबाईंनी आत्याच्या तोंडात घालून बघितले, आरसा दिला, आत्या स्वतःशीच हसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “उत्तम! आता शिजवून टाक.” हा घरी येऊन जुना फोटो काढून बसला. फोटोत आत्याचा डावा पुढचा दात किंचित तिरका होता. तसाच तिरका हवा, नाहीतर ती आत्या दिसणार नाही. पुन्हा काढले. तिरका केल्यावर जास्त तिरका वाटला. सरळ केल्यावर खोटा वाटला. पुढे पुढे तर तो रुमाल उचलायचा, बघायचा, आणि रुमाल परत टाकायचा. “आज डोकं ताजं नाही. उद्या बघू.”

असे दहा महिने गेले.

बाहेरच्या पेशंटला डॉक्टर असतो तगादा लावायला. घरच्या माणसाला कोण? आत्या स्वतः काही बोलायची नाही. दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेलं केळं, सूप. वजन सात किलोने उतरलं होतं. त्याहून वाईट म्हणजे तिने बोलणं सोडलं होतं. बोललीच तर तोंडावर हात धरून, चार शब्दांत. दारात कोणी आलं की उठून आतल्या खोलीत जायची. गुरुवारी दुपारी तीन वाजले की ती खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि गप्प बसून राहायची.

त्या सोमवारी तो जेवायला घरी आला, तर ताट वाढता वाढता बायको म्हणाली, “वसतिगृहातून फोन होता.”

“काय म्हणतायत?”

“ते खुर्च्या विणणारे आजोबा आहेत ना, ते चाललेत. मुलगी न्यायला येतेय, शुक्रवारी सकाळी. लांब राहते ती, आता ते काही परत यायचे नाहीत.”

आत्याने मान खाली घातली. हे आजोबा म्हणजे तिचा सगळ्यात पक्का श्रोता. तीस वर्षं आंधळ्या बोटांनी वेताच्या खुर्च्या विणलेला माणूस. दात गेले तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती, एका बहिणीने आयुष्यभर हरवलेला भाऊ शोधायचा अशी. शेवटची चार प्रकरणं राहिली होती. मधे दुसऱ्या एक बाई वाचायला यायला लागल्या, त्यांना आजोबांनी सांगितलं होतं, “तुम्ही दुसरं काहीही वाचा. ही गोष्ट आमच्या बाईंची आहे. त्या आल्या की ऐकू.”

“त्यांनी निरोप ठेवलाय,” बायको म्हणाली. “बाईंना म्हणावं, भाऊ सापडतो की नाही तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.”

आत्याने तोंडावर हात धरला आणि म्हणाली, “गुरुवार.” बस, एवढंच. मग ती उठून आत गेली.

बायकोने डाव ठेवला आणि ती त्याच्या समोर बसली. “अहो, मी दहा महिने बोलले नाही. आज बोलते. तुमचं आत्यांवर प्रेम आहे, मला माहितेय. पण त्या तुमच्या प्रेमापायी वाळून चालल्यात हो!”

“मी काय मुद्दाम करतोय का?”

“मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं,” ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

तो तडक लॅबमध्ये गेला. रुमाल काढला. तिरका दात तिरकाच ठेवला, निदान सोमवारी संध्याकाळपर्यंत. मंगळवारी त्याने तो दोनदा सरळ केला, तीनदा तिरका केला, आणि शेवटी स्वतःवरच वैतागून, डोळे मिटल्यासारखं करून, मेण काढून टाकलं आणि गुलाबी प्लॅस्टिक भरलं. बुधवारी घासली, चमकवली. साच्यावर ठेवून बघितली तर अशी चपखल बसली की मधे कागदाचं पान जाईना. खालची, वरची, दोन्ही. बावीस वर्षांत असं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. किती दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखी वाटली.

गुरुवारी सकाळी नऊला आत्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत बसली. डॉक्टरबाई साठीच्या, स्वभावाने रोखठोक. त्यांनी कवळी हातात घेऊन फिरवून बघितली आणि भुवया वर केल्या. “सुंदर!” आत्याने तोंड उघडलं. वरची बसवली. खालची बसवली.

“बोला काहीतरी, बाई.”

आत्याने तोंड उघडलं, आणि वरची कवळी खट्‌ करून खाली आली!

डॉक्टरबाईंनी पुन्हा दाबून बसवली. पुन्हा खट्‌. खालची तर जिभेवर होडीसारखी डोलत होती. आत्याने हात तोंडाशी नेला. तिचे डोळे भरून आले. तिने त्याच्याकडे मात्र बघितलं नाही.

“असं कसं होईल?” तो पुढे झाला. “साच्यावर इतकी अचूक बसतेय! कागद जात नाही मधे. थांबा, साचा आणलाय मी, दाखवतो.”

त्याने पिशवीतून साचा काढला. डॉक्टरबाईंनी तो घेतला, आत्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं, साच्यावरून फिरवलं, मग साचा उलटा केला. तळाला पेन्सिलीने तारीख होती, त्याच्याच हातची. दहा महिन्यांपूर्वीची.

“वाच,” त्या म्हणाल्या.

त्याने वाचली. आणि मग त्याच्या लक्षात आलं. अरे देवा!

दात काढले की हिरडी झिजत जाते. पहिल्या वर्षात तर सगळ्यात जास्त. कवळी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, हा स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटला सांगायचा, “माप दिलंत की उशीर करू नका बरं, तोंड बदलतं.” बावीस वर्षं लोकांना सांगितलेली गोष्ट तो स्वतः विसरला, कारण दहा महिन्यांत त्याने आत्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्याने बघितलं होतं ते साच्याकडे. आणि साचा काही झिजत नाही.

“तुझं काम प्लॅस्टरला बसतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. “त्याला काही जेवायचं नाही, बोलायचं नाही. माणसाला बसत नाहीये.”

“मला वाटलं, एकदाच देऊ, पण असं देऊ की परत हात लावायला नको...”

“असं कधी झालंय का रे? कवळी काय तुझ्या टेबलावर पुरी होते? ती तोंडात गेली की टोचते, पेशंट बोंबलत येतो, आपण घासतो, पुन्हा घालतो. चार फेऱ्यांनी ती त्याची होते. अर्धं काम तूच करायचं, पण उरलेलं अर्धं पेशंटच्या तोंडात व्हायचं असतं. तू ते अर्धंसुद्धा एकट्याने टेबलावर उरकायला निघालास. तिसऱ्या वेळी मेणातली घातली होती, आठवतंय? तेव्हाच दिली असतीस तर आतापर्यंत बाई चणे-फुटाणे खात असत्या!”

त्याने साचा त्यांच्या हातातून परत घेतला.

“मी मूर्ख आहे,” शेवटी तो म्हणाला.

“मूर्ख असतास तर सोपं होतं. तू घाबरट आहेस.” त्यांनी हातमोजे बदलले. “लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून तू काम कपाटात ठेवतोस. आपण सगळेच ठेवतो थोडंफार. आणि वर त्याला म्हणतो, मला कामात कसर चालत नाही. मोठं छान वाटतं ऐकायला! बरं, आता रडत बसू नकोस. किती वाजलेत? हिच्याच आत नवं माप घेऊन देते. आतून नवा थर चढव. दुपारपर्यंत होईल?”

“मला दोन दिवस लागतील. नीट करायचं तर...”

“बाई तीनला कुठे जायच्यात, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं.

सव्वादहाला तो लॅबमध्ये होता. आणि त्याच्यासमोरच्या स्टुलावर, पहिल्यांदाच, आत्या येऊन बसली होती. “घरी जा, मी घेऊन येतो,” असं त्याने दोनदा सांगितलं. तिने दोनदा मान हलवली. ती बसूनच राहिली, मांडीवर पिशवी, पिशवीत कादंबरी.

त्याने थर चढवला, दाबून बांधला, गरम पाण्यात ठेवला. दीड वाजता त्याने कवळी सोडवून काढली. धारा घासल्या, धुतली, खिडकीच्या उजेडात धरली. नव्या थराचा गुलाबी रंग जुन्यापेक्षा फिका होता, कडेने रेघ स्पष्ट दिसत होती. एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. एवढी सुंदर कवळी, आणि तिला हे ठिगळ! त्याचा हात आपसूक घासायच्या यंत्राकडे गेला. हा थर काढून टाकू. पुन्हा नीट चढवू. उद्या सकाळी, ताज्या डोक्याने.

“आण इकडे,” आत्या म्हणाली.

“आत्या, अजून जरासं...”

“आण.”

तिने हात पुढे केला होता. सुरकुतलेला, तळहात वर. लहानपणी वही तपासायला मागायची तसाच. तो हात त्याने किती वर्षांत बघितला नव्हता! त्याने एकदा बुडबुड्याकडे बघितलं, एकदा तिच्या बसलेल्या गालांकडे. या वेळी तो गालांकडे जास्त वेळ बघत राहिला. मग त्याने कवळी तिच्या हातात ठेवली.

तिने ती घातली. दातावर दात ठेवून बघितले. “पाच, सहा, सात, आठ,” म्हणाली. कवळी जागची हलली नाही. ‘स’ म्हणताना बारीकशी शीळ वाजत होती, तेवढंच.

“चल,” ती म्हणाली. “उशीर झालाय.”

वसतिगृहाच्या बसायच्या खोलीत चौदा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. सगळ्या वेताच्या, सगळ्या त्याच आजोबांनी विणलेल्या. आत्या दारातून आत आली तशी आजोबांनी मान वर केली. “बाई आल्या. ही चपलांची फरफर त्यांचीच.” खोलीत एकदम गलका झाला. कोणी हात धरला, कोणी तब्येत विचारली, कोणी रागवलंही. आत्याने पुस्तक उघडलं. वर्षापूर्वीची खूण तशीच होती.

ती वाचायला लागली. पहिल्या पानाला तिचा आवाज कापत होता. ‘स’ आला की शीळ वाजायची आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या अंगावर शहारा यायचा. दोन घासण्यांचं काम! पण ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. ते त्या बहिणीबरोबर केव्हाच गाडीत बसून निघाले होते.

एक प्रकरण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर आत्या थांबायला लागली. वाक्य तोडायची, गिळायची, पुढे जायची. नवी कवळी, कोवळ्या झालेल्या हिरड्या, सलग दीड तास. त्याला सगळं कळत होतं, कुठे काचत असेल तेही त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. तिसरं प्रकरण कसंबसं संपलं आणि तिने गालावर हात दाबला.

तो पुढे होऊन वाकला. “आत्या, बास कर. लागतंय तुला. उद्या घासून देतो, एक दिवस मला दे.”

“उद्या हे इथे नाहीत,” ती म्हणाली.

आणि मग तिने जे केलं, ते तो जन्मात विसरणार नाही. तिने पिशवीतून रुमाल काढला, आधी वरची कवळी काढली, मग खालची, रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली. पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. आणि बोळक्या तोंडाने चौथं प्रकरण वाचायला सुरुवात केली.

चाळीस वर्षं जिने पोरांच्या एकेका अक्षरासाठी जीव काढला, तिचे शब्द आता ओठांतच विरघळत होते. जोडाक्षरं सुटत होती. ती हळू वाचत होती. एक बाई खुर्ची सरकवून जवळ आल्या. आजोबांनी एकदा विचारलं, “काय म्हणालात? पत्र की पात्र?” तिने सांगितलं, पत्र. हसलं कोणीच नाही. भाऊ सापडला. म्हातारा झालेला, एका दुकानाच्या पायरीवर बसलेला, आणि बहिणीला त्याची ओळख पटायला सबंध पान लागलं. वाचताना आत्या थांबली, डोळे पुसले, पुन्हा वाचलं. संपलं तेव्हा खोलीत नाकं ओढल्याचे आवाज तेवढे येत होते.

मग आजोबा म्हणाले, “बाई, एक विचारू का? रागावणार नसलात तर.”

“विचारा.”

“शेवटचं प्रकरण तुम्ही दातांशिवाय वाचलंत, होय ना?”

“हो.”

“मला सगळं समजलं. एक शब्द सोडून सगळं. मग वर्षभर कशासाठी थांबला होतात?”

आत्याचा हात सवयीने तोंडावर गेला.

“नीट येत नसेल तर करूच नये, असं वाटलं,” ती हळूच म्हणाली. “लाज वाटायची. मी तोंडावर हात धरूनच बसायची घरात.”

“अहो बाई,” आजोबा हसले, पण कसंतरीच हसले. “इथे कोणाला दिसतंय? हात धरत होतात कोणासाठी?”

आत्याचा हात तोंडावरून खाली आला. ती हसायला लागली, बोळकं तोंड सताड उघडून, आणि हसता हसता रडायला लागली. तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता. तो जवळच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

“ती डाव्या कोपऱ्यातली का?” कुरकूर ऐकून आजोबांनी विचारलं. “तिच्यात माझा एक फेर चुकलाय. सोडवून पुन्हा विणणार होतो. तेवढ्यात एक जण येऊन बसलाच तिच्यावर. सहा वर्षं झाली, बसतायत लोक.”

परतताना दोघं चालत निघाली. संध्याकाळ झाली होती, रस्त्यावर दुकानांतले दिवे लागत होते. आत्याने त्याचा हात धरला होता. मग म्हणाली, “तुझ्या वह्या आठवतात?”

“आठवतात.”

“एक खाडाखोड दिसली की मी पान फाडायला लावायची. पुन्हा लिही, म्हणायची. एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पानही सुटायचं. दोनशे पानी वही वर्ष संपताना ऐंशी पानांची उरायची. मला वाटायचं, मी तुला वळण लावतेय.”

“लावलंसच की.”

“धाक लावला रे. फाडलेल्या पानांवरही अक्षर छानच होतं. कधी सांगितलं नाही मी तुला.”

तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पन्नाशीला आलेला माणूस, हातांच्या रेषांत प्लॅस्टर भरलेलं. त्याला खूप थकवा आला होता. पण आज हा थकवा वेगळा होता, जेवून झोपावंसं वाटणारा. “आता सांगितलंस ना,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आत्याच्या कवळीची काचणारी जागा घासून दिली. आठवड्याने आणखी एक. तिसऱ्या खेपेला तिने पाव न भिजवता खाल्ला, आणि तो बुडबुडा, ते ठिगळ कोणी कधी बघितलं नाही. ‘स’ची शीळ तिने तशीच ठेवायला सांगितली. म्हणाली, “राहू दे. गुरुवारी मला त्यावरून ओळखतात.”

तर बंधू-भगिनींनो, आपल्या घरीही असं एखादं कपाट असतं. कोणाचं पत्र लिहायचं राहिलेलं असतं, कारण योग्य शब्द सुचत नाहीत. कोणाची माफी मागायची राहून गेलेली असते, कारण योग्य वेळ सापडत नाही. कोणी गाणं सोडलेलं असतं, कोणी अर्ज भरलेला नसतो, कोणी आजाऱ्याला भेटायला गेलेलं नसतं, नीट वेळ काढून जाऊ म्हणून. आपण वर्षानुवर्षं साचा घासत बसतो आणि स्वतःचंच कौतुक करतो की आपल्याला कमी-जास्त चालत नाही! तिकडे ज्याच्यासाठी ते करायचं तो माणूस झिजत असतो, म्हातारा होत असतो, गावाला निघालेला असतो. चांगलं काम करावं, जीव ओतून करावं, त्यात काही वाद नाही. पण काम असतं माणसासाठी, आणि माणूस थांबत नाही. त्याच्या हातात वेळेवर पडलेलं, ठिगळ लागलेलं काम हेच खरं काम. बाकीची उणीव त्याच्या साक्षीने भरता येते. दहा महिने मात्र भरून देता येत नाहीत.

त्या शुक्रवारची गोष्ट सांगून थांबतो. आत्याचा साचा त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कपाटातली सातही कामं टेबलावर काढून ठेवली. त्यातल्या पहिल्याच्या एका दातावर त्याला बारीक ओरखडा दिसला. तो त्याने पुष्कळ वेळ बघितला. मग त्याने फोन उचलला.

“डॉक्टरबाई, तुमच्या त्या निवृत्त पोस्टमास्तरांची कवळी. जरासं राहिलंय.”

पलीकडून सुस्कारा ऐकू आला.

“तशीच घेऊन येतोय,” तो म्हणाला. “त्यांना बोलावून घ्या.”